डॉल्फिनसाठी मोहीम: निवेदन लिहिण्याआधी जेटीवर जा

कोकण किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन वाहून आला की पुढचं ठरलेलं असतं. फोटो निघतात, ते मोबाईलवर फिरतात, दोन दिवस संताप होतो आणि 'मासेमारीवर बंदी घाला' असं एक निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना दिलं जातं. त्यावर शिक्का बसतो आणि ते फाइलमध्ये जातं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मी अशी निवेदनं लिहिली आहेत, लिहिणाऱ्यांना मदतही केली आहे. ती का फसतात हे कळायला मला बराच वेळ लागला. तुमचा तेवढा जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. जवळजवळ सगळ्या मोहिमा पाचव्या टप्प्यापासून सुरू होतात आणि पहिल्यावर अडकतात.

## तयारी: कोणासाठी लढताय ते नीट ओळखा

आपल्या किनाऱ्यालगत दिसणारा डॉल्फिन बहुतेक वेळा हिंदी महासागरी कुबडा डॉल्फिन असतो. पाठीवर उंचवटा आणि त्यावर बसलेलं छोटं पर, ही त्याची खूण. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत २०१७ पासून तो 'संकटग्रस्त' आहे. तो उथळ पाण्यात, साधारण २५ मीटरच्या आत, खाडीच्या मुखाजवळ राहतो. माणूस होडी आणि जाळं घेऊन जिथे सर्वांत जास्त असतो, तेच हे पाणी. मादीला साधारण तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू होतं. म्हणून एका खाडीच्या तोंडावर वर्षाला दोन-तीन माद्या मेल्या तरी तिथला कळप भरून निघत नाही.

दुसरा प्राणी म्हणजे पाठीवर पर नसलेला, बोथट तोंडाचा, लाजरा पॉरपॉइज, डॉल्फिनचाच एक नातलग. त्याला अनेक ठिकाणी भुलगा म्हणतात. डॉल्फिनला मालवणीत गादो म्हणतात, इतरत्र गादा. नावं बंदरागणिक बदलतात, म्हणून आपल्या गावातलं नाव आधी विचारून घ्या आणि बोलताना तेच वापरा. 'सागरी सस्तन प्राणी' हा शब्द कागदावर ठीक आहे. जेटीवर तो उच्चारलात की समोरचा तुम्हाला सरकारी माणूस समजतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. डॉल्फिन आणि पॉरपॉइज वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकारीला किमान तीन, कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. मासेमारीचे नियम महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली येतात. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातले दंड बरेच वाढले. हे दोन कायदे दोन वेगळ्या खात्यांचे आहेत. पहिला वन विभागाचा, दुसरा मत्स्यव्यवसाय विभागाचा. अर्धी निवेदनं इथेच चुकीच्या टेबलावर जातात.

तपासा: तुमच्या भागात कोणता प्राणी आहे, त्याला गावात काय म्हणतात आणि तो कोणत्या महिन्यांत, किती वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात दिसतो, हे तुम्हाला न अडखळता सांगता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: जाळं ओळखा

'घातक मासेमारी' हा शब्द मोहिमेतून आजच काढून टाका. कोणतं जाळं, कुठे, कधी आणि कसं घातक, एवढंच बोला.

किनाऱ्यावरच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. रापण किनाऱ्यावरून माणसं ओढतात. तिच्यात डॉल्फिन अडकला तर तो उथळ पाण्यात, डोळ्यांसमोर असतो, सोडवता येतो. डोल जाळं उत्तर कोकणात भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलं जातं. ट्रॉलर तळ खरवडतो. पर्ससीन थव्याभोवती वर्तुळ टाकून खालून आवळतात. आणि गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं, नायलॉनच्या बारीक धाग्याचं जाळं. काही ठिकाणी ते तरतं सोडतात, काही ठिकाणी तळाला बुडी लावतात.

आता जे बोलायला सगळ्यांनाच जड जातं ते बोलतो. जगभर लहान डॉल्फिन सर्वांत जास्त मरतात ते गिलनेटमध्ये. हिंदी महासागरातल्या ट्यूनाच्या गिलनेटमध्ये १९५० ते २०१८ या काळात सुमारे ४१ लाख लहान डॉल्फिन-देवमासे अडकले असावेत, असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. डॉल्फिन हवेत श्वास घेतो. जाळ्यात गुरफटला आणि वर येता आलं नाही की काही मिनिटांत गुदमरतो. आणि गिलनेट वापरणारा बहुतेक वेळा पर्ससीनवाला श्रीमंत बोटमालक नसतो. तो छोट्या होडीवर पोट असलेला पारंपरिक मच्छीमार असतो, गाबीत, कोळी, भंडारी, खारवी, दालदी घरांतला.

म्हणून इथे दोन उलट दिशांच्या चुका होतात.

पहिली चूक म्हणजे सगळा दोष पर्ससीन आणि एलईडी बोटींवर (प्रखर दिव्यांनी मासे गोळा करणाऱ्या) टाकणं. ते सोयीचं असतं, कारण गावातला मच्छीमार लगेच तुमच्या बाजूने उभा राहतो. पर्ससीनचा प्रश्न खरा आहेच. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या जलधीत (किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत) पर्ससीनला फक्त १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा दिली. एलईडी दिव्यांची आणि दोन बोटींनी जोडीने एकच जाळं ओढण्याची, म्हणजे बुल ट्रॉलिंगची मासेमारी केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद केली. तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो आणि तारली-बांगड्याचे थवे उचलले जातात. डॉल्फिनचं अन्नही तेच. पण तुमच्या खाडीच्या तोंडावर डॉल्फिन रात्रभर सोडून दिलेल्या गिलनेटमध्ये मरत असेल, तर पर्ससीन उद्या पूर्ण थांबली तरी तो मरतच राहील.

दुसरी चूक म्हणजे गिलनेटवाल्याला आरोपी करणं. ते केलंत की त्या दिवसापासून तुम्हाला माहिती मिळणं बंद होतं. मेलेला डॉल्फिन दगड बांधून खोल पाण्यात सोडला जातो, आणि तुम्ही ज्याच्यासाठी धडपडताय तो नोंदीतूनही नाहीसा होतो.

सावधान: पर्ससीन विरुद्ध पारंपरिक हा किनाऱ्यावरचा जुना, कडवट वाद आहे. डॉल्फिन हे त्या वादातलं हत्यार होऊ देऊ नका. एका गटाच्या मंचावर तुमचा फलक लागला की दुसऱ्या गटाच्या जेटीवर तुम्हाला कोणी उभं करणार नाही.

## टप्पा २: जून-जुलैमध्ये जेटीवर जा

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं झापाखाली, म्हणजे झावळ्यांच्या छपराखाली, जाळी शिवत बसलेली असतात. बोलायला वेळ असतो तो याच दोन महिन्यांत. नारळी पौर्णिमेनंतर तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) तुमच्यासाठी पाच मिनिटं काढणंही अवघड होतं. मोहीम जानेवारीत सुचली तर जूनपर्यंत अभ्यास करा, पण ही बैठक चुकवू नका.

जाताना कसं जायचं:

१. आधी मच्छीमार सहकारी संस्थेच्या अध्यक्षांना भेटा. त्यांच्या नकळत गावात सभा घेऊ नका.

२. पहिल्या भेटीत काहीही मागू नका. कॅमेरा, फॉर्म, सह्यांची वही घरी ठेवा.

३. गाद्याने जाळं फाडल्याचे किस्से आधी ऐका. डॉल्फिन अडकलेल्या माशांवर डल्ला मारतात, जाळ्याला भोकं पाडतात, हे नुकसान खरं आहे. ते मान्य केल्याशिवाय पुढचं बोलणं खोटं वाटतं.

४. बायकांशी वेगळं बोला. लिलावात आणि बाजारात मासळी त्या हाताळतात. कोणत्या होडीची मासळी कधी कमी आली, कोणाचं जाळं कधी फाटलं, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

५. 'अभयारण्य' हा शब्द तोंडातून काढू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, आणि तेव्हापासून मासेमारी बंद होईल ही धास्ती त्या भागात आहे. तुमचा तसा हेतू नसेल तर तो शब्दही नको.

पहिल्याच बैठकीत एका वयस्कर तांडेलाने मला विचारलं होतं, "गादो जाळ्यात गावलो, तर आमी काय करूचा? जाळा फाडूचा? पैशे कोण देतलो?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आज आहे, आणि ते तुमच्या खिशात असलंच पाहिजे. डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशी योजना आहे की संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती राबवतात. आजवर देवमुशी (व्हेल शार्क), ऑलिव्ह रिडली कासवं आणि डॉल्फिन असे प्राणी सोडवणाऱ्या मच्छीमारांना तिचा लाभ मिळाला आहे. तरी कित्येक बंदरांवर योजना कोणाला माहीत नसते. माहीत असली तर पैसे कधी मिळतील याचा भरवसा नसतो.

जाण्यापूर्वी शासन निर्णयाची प्रत, सध्याची रक्कम आणि अर्जाचा नमुना मत्स्यव्यवसायच्या परवाना अधिकाऱ्याकडून घ्या. एका माणसाला भरपाई मिळवून दिलीत, की शंभर पत्रकांनी होत नाही ते काम होतं.

तपासा: तीन बंदरांवर किमान दोनदा जाऊन झालं का? तुम्हाला नावाने ओळखणारे पाच-सहा तांडेल आहेत का? नसतील तर थांबा. इथली घाई पुढे भरून काढता येत नाही.

## टप्पा ३: जिवंत डॉल्फिन सोडवण्याची पद्धत आधी शिकवा

हा टप्पा मोहिमेच्या यादीत सहसा नसतो. मी तो मागणीच्या आधी घालतो, कारण याने ताबडतोब जीव वाचतात आणि पुढच्या सगळ्या कागदांना वजन येतं. होडीवर चिकटवण्यासाठी हे एका पानावर, मोठ्या अक्षरांत छापा:

१. इंजिन बंद करा. पंखा फिरत असताना जाळं ओढू नका.

२. जाळं हळू ओढा. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र आधी पाण्याबाहेर आणा. घाई फक्त एवढ्याची.

३. शेपटीला किंवा पराला धरून ओढू नका. दोर बांधू नका.

४. धागा कापा, कातडी नाही. सुरीची धार बाहेरच्या बाजूला ठेवा.

५. जाळ्याचा तुकडा अंगावर राहू देऊ नका. तो पुढे मांसात रुततो.

६. एक जण मोबाईलवर तीन फोटो घेईल: जाळ्यात असताना, कापताना, सुटून जाताना. होडीचा नोंदणी क्रमांक एका फोटोत यावा. भरपाईच्या अर्जाला हे फोटो लागतात.

डॉल्फिन किनाऱ्यावर जिवंत आला तर लगेच पाण्यात ढकलू नका. पोटावर सरळ ठेवा, अंगावर ओलं कापड टाका, छिद्र मोकळं ठेवा, गर्दी हटवा आणि वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

सावधान: मेलेल्या प्राण्याला उघड्या हाताने हात लावू नका. त्यातून माणसाला संसर्ग होऊ शकतो. दात, हाड, कातडी आठवण म्हणूनही उचलायची नाही. तो गुन्हा आहे.

## टप्पा ४: नोंदी ठेवा, पण न्यायाधीश होऊ नका

एक साधी वही पुरते. प्रत्येक घटनेसाठी तारीख, वेळ, ठिकाण (मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश), प्राणी, लांबी, नर की मादी हे कळलं तर, अवस्था (ताजा, फुगलेला, कुजलेला), अंगावरच्या खुणा आणि फोटो. फोटोत मापासाठी पट्टी किंवा चप्पल ठेवा. दोन्ही बाजूंचे, तोंडाचे, शेपटीचे आणि पोटाचे फोटो घ्या.

नोंदीत नेहमीच्या चुका या:

चोचीवर किंवा परांच्या कडेला सरळ रेषेत कापल्यासारखे वळ असतील तर जाळ्याचा संशय येतो. शेपूट सफाईने कापलेली असेल तर जाळ्यातून सोडवताना कोणी कापली असेल. पण 'जाळ्यात मेला' असं वहीत लिहू नका. 'अशा खुणा आहेत' एवढंच लिहा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागा. मृत्यूचं कारण ठरवणं पशुवैद्यकाचं काम आहे. तुम्ही ते ठरवून बसलात तर सुनावणीत पहिला हल्ला त्यावरच होतो.

पावसाळ्यात जास्त प्रेतं किनाऱ्याला लागतात. त्या महिन्यांत मासेमारी बंद असते, तेव्हा काही जण लगेच म्हणतात, "बघा, जाळ्याचा काही संबंध नाही." घाईने 'हो' किंवा 'नाही' म्हणू नका. नैर्ऋत्येचं वारं आणि लाटा बाहेरच्या समुद्रातलं सगळं किनाऱ्याकडे ढकलतात. किनाऱ्यावर लागलेली संख्या म्हणजे मेलेल्यांची संख्या नव्हे. बाकीच्या महिन्यांत मेलेले बरेचसे समुद्रातच बुडतात. म्हणून 'यंदा इतके डॉल्फिन मेले' असं कधीही लिहू नका. 'यंदा आमच्या किनाऱ्यावर इतके आढळले' असं लिहा.

एकच प्रेत दोन गावांत मोजलं जातं, हेही पाहा. लांबी आणि खुणा जुळवून बघितल्याशिवाय आकडा वाढवू नका.

जेटीवरून ऐकलेल्या गोष्टी वेगळ्या वहीत लिहा. नाव नाही, होडीचा क्रमांक नाही. फक्त जाळ्याचा प्रकार, वाव, महिना, दिवस की रात्र आणि जाळं किती तास पाण्यात होतं. ही दुसरी वही खरी ठेव आहे. तिच्यातूनच कळतं की डॉल्फिन सगळीकडे मरत नाहीत. एका ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक पद्धतीने लावलेल्या जाळ्यात मरतात.

सावधान: 'सांगितलंत तर तुम्हाला काही होणार नाही' असं वचन कोणालाही देऊ नका. तो अधिकार तुमचा नाही. त्याऐवजी चुकून अडकलेल्या प्राण्याची स्वतःहून माहिती देणाऱ्याबद्दल काय धोरण आहे, हे वन विभागाकडून लेखी मागा आणि ते पत्र जेटीवर दाखवा.

## टप्पा ५: मागणी एका वाक्यात बसवा

आता मागणी. तिची कसोटी एकच. ज्या अधिकाऱ्याला ती द्यायची, तो स्वतःच्या सहीने ती अमलात आणू शकतो का?

'डॉल्फिन वाचवा' यावर कोणी सही करू शकत नाही. 'मासेमारीवर बंदी घाला' यावर कोणी करणार नाही. या दोन्हींऐवजी असं काहीतरी हवं: 'अमुक खाडीच्या मुखापासून अमुक अंतरात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, गिलनेट सूर्यास्तानंतर होडी हजर नसताना पाण्यात सोडू नये.' यात जागा, काळ, जाळं आणि कृती चारही आहेत. आणि मासेमारी थांबत नाही. जाळ्यावर माणूस हजर राहतो, अडकलेला प्राणी वेळेत दिसतो.

दुसऱ्या बंदराची मागणी वेगळी असू शकते. कुठे भरपाई ठरावीक मुदतीत मिळावी ही, कुठे जेटीवर टाकाऊ जाळी जमा करायला जागा हवी ही, म्हणजे फाटलेलं नायलॉन समुद्रात जाणार नाही. कुठे एलईडी बोटींवर प्रत्यक्ष कारवाई हवी. वहीत जे दिसतं तेच मागा.

तांत्रिक उपायांबद्दल सावध राहा. पाकिस्तानच्या किनाऱ्यावर ट्यूनाचं तरतं गिलनेट पृष्ठभागाखाली सुमारे दोन मीटर उतरवल्यावर डॉल्फिन अडकणं खूप कमी झालं. हिंदी महासागर ट्यूना आयोगानेही त्याची शिफारस केली आहे. पण तो खोल पाण्यातला, वेगळ्या डॉल्फिनचा अनुभव आहे. आपल्या पाच-सहा वाव पाण्यात, तळापर्यंत वावरणाऱ्या कुबड्या डॉल्फिनला तो जसाच्या तसा लागू होईल असं धरू नका. जाळ्याला लावायच्या आवाज करणाऱ्या उपकरणांचंही तसंच. काही समुद्रांत, काही जातींसाठी ती उपयोगी ठरली. पण बॅटरी, किंमत आणि आवाजाची सवय होऊन डॉल्फिन उलट जाळ्याकडे येण्याचा धोका, हे सगळं मच्छीमाराच्या डोक्यावर येतं. फार तर 'मत्स्यव्यवसाय विभागाने संशोधन संस्थेसह चाचणी घ्यावी' एवढं मागा.

तपासा: मागणीचं वाक्य त्या पाच-सहा तांडेलांना वाचून दाखवा. 'हे आम्ही करू शकतो' असं त्यातल्या निम्म्यांनी तरी म्हटलं पाहिजे. म्हणत नसतील तर वाक्य बदला. वाक्य बदलताना लाज वाटू देऊ नका, आमचं चार वेळा बदललं होतं.

## टप्पा ६: योग्य टेबल शोधा

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत मासेमारीचं नियमन राज्याचं. त्यापुढचं केंद्राचं. कुबडा डॉल्फिन किनाऱ्यालगतच राहतो, म्हणून तुमचं काम बहुधा राज्यातच आहे. दिल्लीला पत्र पाठवून वेळ घालवू नका.

जाळी, परवाने, हंगाम, एलईडी, पर्ससीन: जिल्ह्याचे सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय. प्रत मुंबईला मत्स्यव्यवसाय आयुक्तांना.

डॉल्फिनचा मृत्यू, शवविच्छेदन, भरपाई: वन विभागाचा कांदळवन कक्ष.

दोन्ही खात्यांना एका टेबलावर आणायचं असेल: जिल्हाधिकारी. पण त्यांना तक्रार देऊ नका, दोन्ही खात्यांची संयुक्त बैठक मागा.

नियमच बदलायचा असेल: तुमचे आमदार. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात, अर्थसंकल्पी पुन्हा मुंबईत. तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना हवी असेल तर अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधी, आयता मसुदा आणि पुरावे घेऊन भेटा. अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेला कागद कोणी वाचत नाही.

गोव्यातल्या वाचकांनी खाती आणि कायदा वेगळा आहे हे लक्षात ठेवावं. तिथे १९८० चा गोव्याचा स्वतःचा सागरी मासेमारी कायदा आहे.

## टप्पा ७: आधी माहिती अधिकार, मग निवेदन

हा क्रम उलटा होतो, आणि म्हणून 'योग्य ती कार्यवाही सुरू आहे' या उत्तरावर समाधान मानावं लागतं. आधी माहिती मागा. निवेदन त्या उत्तरावर उभं करा.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा. शुल्क १० रुपये. ३० दिवसांत उत्तर अपेक्षित. आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील. हे विचारा, प्रत्येक विषयाचा वेगळा अर्ज करून:

गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यात किती सागरी सस्तन प्राण्यांच्या मृत्यूची नोंद झाली, त्यापैकी किती जणांचं शवविच्छेदन झालं, अहवालांच्या प्रती.

जाळी कापल्याबद्दल भरपाईचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, अर्ज ते रक्कम यात किती दिवस गेले.

एलईडी आणि विनापरवाना पर्ससीनवर किती कारवाया, किती दंड आकारला, किती वसूल झाला. जानेवारी २०२५ पासून राज्यात ड्रोनने टेहळणी सुरू झाली आहे. तिच्यातून पुढे किती प्रकरणं दाखल झाली, हेही विचारा.

'का' आणि 'कसं' विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, मत मिळत नाही.

## टप्पा ८: निवेदन लिहा

एक पान. जोडपत्रं कितीही असोत, मुख्य पत्र एका पानापेक्षा मोठं नको. पहिल्याच परिच्छेदात मागणी. नमुना असा:

'महोदय, अमुक खाडीच्या मुखाशी गेल्या दोन वर्षांत आमच्या नोंदीनुसार इतके डॉल्फिन मृतावस्थेत आढळले (जोडपत्र अ). पैकी इतक्यांवर जाळ्याशी जुळणाऱ्या खुणा होत्या. आपल्या कार्यालयाकडून माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार इतक्यांचंच शवविच्छेदन झालं (जोडपत्र आ). अमुक मच्छीमार सहकारी संस्थेने यासोबतचा ठराव केला आहे (जोडपत्र इ). आमची विनंती एवढीच की... याबाबत अमुक तारखेपर्यंत बैठक बोलवावी.'

या पत्राला जोर येतो तो जोडपत्र 'इ' मुळे. संस्थेचा ठराव सोबत असेल तर अधिकाऱ्याला मच्छीमारांच्या रोषाची भीती राहत नाही, आणि नाही म्हणायचं मुख्य कारणच जातं. दहा हजार ऑनलाइन सह्या मुंबई-पुण्याहून आल्या तरी त्या एका ठरावाची बरोबरी करत नाहीत. सह्या जमवायच्याच असतील तर गाव, तालुका आणि व्यवसाय यांचे रकाने ठेवा, आणि किनाऱ्यावरच्या सह्या वर लावा.

निवेदन आवक-जावक विभागात द्या, पोच घ्या, क्रमांक वहीत लिहा. पंधरा दिवसांनी त्या क्रमांकासह भेटायला जा. रिकाम्या हाताने 'आमच्या पत्राचं काय झालं' विचारलं तर कारकुनाला पत्र सापडत नाही.

सावधान: डॉल्फिन दाखवणाऱ्या पर्यटक होड्यांचा पाठलाग, सांडपाणी, बंदरांचं बांधकाम, हे सगळे खरे प्रश्न आहेत. या निवेदनात त्यातला एकही घालू नका. चार मागण्यांच्या पत्रात अधिकारी सर्वांत सोपी निवडतो आणि 'अंशतः कार्यवाही' लिहून फाइल बंद करतो.

## टप्पा ९: लोकांसमोर जा, पण याच वेळी

बातमी, शाळेतला कार्यक्रम, समाजमाध्यमं, सगळं आता. आधी नाही.

मेलेल्या डॉल्फिनचा फोटो टाकताना त्यात होडी, तिचा क्रमांक, माणसाचा चेहरा, ओळखता येईल असा किनाऱ्याचा कोपरा यातलं काही येऊ देऊ नका. एका गावात असा एक फोटो पसरला आणि वर्षभर तिथून आम्हाला एकही निरोप आला नाही. चूक आमची होती. फोटो पाठवणाऱ्याला पुढे काय सोसावं लागेल याचा विचार आम्ही केला नव्हता.

जाळं कापून गादा सोडणाऱ्या तांडेलाचा फोटो मात्र, त्याने होकार दिला तर, मोठा छापा. त्याच्या संस्थेच्या सभेत, नारळी पौर्णिमेच्या कार्यक्रमात, गावासमोर त्याला शाल द्या. पत्रकारांना सांगताना भरपाई किती दिवसांत मिळाली तेही सांगा. उशीर झाला असेल तर तेही.

परदेशातले दाखले जपून वापरा. मेक्सिकोच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला वाकिता हा छोटा पॉरपॉइज गिलनेटमुळेच आज जेमतेम दहाच्या आसपास उरला आहे. तिथे बंदीचे आदेश होते. पण मच्छीमाराला परवडेल असं दुसरं जाळं वेळेत मिळालं नाही आणि तोतोआबा माशाच्या चोरट्या व्यापारात पैसा फार होता. हा दाखला अधिकाऱ्यासमोर ठेवा. कागदावरचा आदेश समुद्रात पोचला नाही तर काय होतं, ते त्यातून कळतं. जेटीवर तो नको. तिथे त्याचा अर्थ 'यांनाही आपली जाळी बंद करायची आहेत' असा निघतो.

## टप्पा १०: आदेश निघाल्यानंतरची दोन वर्षं

मागणी मान्य झाली की बहुतेक गट दुसऱ्या विषयाकडे वळतात. आदेश अंमलात येण्याआधी विसरला जातो.

आदेशाची मराठी प्रत जेटीवर, लिलावाच्या जागी, संस्थेच्या फलकावर लावा. ऑगस्टमध्ये होड्या उतरण्याआधी तो पुन्हा वाचून दाखवा. वही चालू ठेवा. आदेशाआधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकाच पद्धतीने झाल्या नाहीत तर फरक पडला की नाही हे कळणार नाही. कोणी नियम मोडताना दिसला तर होडीवर चढून जाऊ नका, चित्रफीत पसरवू नका. तारीख, वेळ, ठिकाण मत्स्यव्यवसाय कार्यालयाला लेखी द्या. रात्री समुद्रात कोणाच्या अंगावर जाऊ नका.

पहिल्या वर्षात नोंदी वाढल्या तर घाबरू नका. लोक आता लपवत नाहीत, सांगतात, म्हणून त्या वाढतात. वर्ष संपताना अधिकाऱ्याला भेटून हे समजावून सांगा, नाहीतर 'आदेशाचा उपयोग झाला नाही' असा शेरा फाइलवर पडतो आणि मग तो पुसता येत नाही.

आणि दर जूनमध्ये पुन्हा झापाखाली जाऊन बसा. जाळी बदलतात, धागा बदलतो, नवी माणसं तांडेल होतात. गेल्या वर्षी ज्या खाडीच्या तोंडावर तीन जाळी होती तिथे यंदा नऊ असतील. ते निवेदनातून कळत नाही. जाळं शिवणारा सांगेल, तुम्ही शेजारी बसून विचारलंत तर.